भुसा जळाला, पोकळी उरली

घोड नदीच्या उजव्या काठावर, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये उत्खनन सुरू केलं आणि ते १९८३ पर्यंत चाललं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास वसलेलं आणि ७०० च्या सुमारास उठून गेलेलं एक अख्खं शेतकरी गाव त्यांनी मातीखालून वर काढलं. आधी माळवा, मग पूर्व जोर्वे आणि शेवटी उत्तर जोर्वे अशा तीन काळांचं हे गाव. त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत गाजल्या त्या दोन गोष्टी. एक म्हणजे चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस, दुसरी म्हणजे मातीच्या झाकणाच्या डबीत ठेवलेली बिनडोक्याची देवी. त्या गाजाव्यात अशाच आहेत. मला मात्र वस्तीच्या पश्चिम कडेची घरं जास्त महत्त्वाची वाटतात. पूर्व जोर्वे काळात सधन शेतकरी गावाच्या मधोमध राहत आणि कारागीर पश्चिमेला. त्यांत कुंभार होता, सोनार होता, हस्तिदंताचं काम करणारा होता आणि चुना भाजणाराही होता.

कुंभार आणि चुना भाजणारा हे दोघे शेजारीशेजारी एकच काम करत होते. पदार्थातून काहीतरी आगीने घालवायचं आणि मागे पोकळी ठेवायची.

इनामगावची जोर्वे भांडी पातळ, घट्ट भाजलेली आणि टिचकी मारली तर खणखणणारी आहेत. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये ती पहिल्यांदा सापडली, म्हणून ते नाव. त्यांच्या बरोबरीने जाड, हाताने घडवलेली भांडी आहेत आणि त्यांची माती वेगळी मळलेली असे. तिच्यात भुसा, तूस, कापलेलं गवत घालत. काळी चिकण माती नुसती वापरली तर वाळताना तडकते. भुसा तिला धरून ठेवतो आणि ओलावा बाहेर यायला वाट देतो. मग भांडं भट्टीत गेलं की तीन-चारशे अंशांच्या पुढे भुसा पेटतो, त्याचा कर्ब हवेत जातो. साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांना मातीच्या रेणूत अडकलेलं पाणीही निघून जातं आणि माती कायमची दगड होते. भुशाच्या जागी राहते त्याच्याच आकाराची पोकळी. खापर फोडून भिंग लावलं तर काडीचा लांबट ठसा दिसतो, कधी तुसाची कडसुद्धा. जव, गहू, मसूर, कुळीथ पिकवणाऱ्या त्या गावाच्या खळ्यावरची उरलीसुरली वस्तू अशी भांड्यात कोरली गेली. आजचा कुंभार माठाच्या मातीत लीद आणि राख कालवतो तोही याचसाठी. पोकळीतून पाणी झिरपावं, वाळावं आणि आतलं पाणी गार व्हावं.

चुना भाजणाऱ्याची गोष्ट याहून सूक्ष्म. तो नदीकाठचे चुनखडीचे खडे भट्टीत घाली. नऊशे अंशांच्या आसपास खड्यातून कर्बवायू निघून जातो आणि वजन खूपच घटतं, पण खड्याचं बाहेरचं आकारमान फारसं बदलत नाही. याचा अर्थ आतला दगड आता अतिबारीक छिद्रांनी भरलेला आहे. म्हणूनच कळीचा चुना पाण्यावर तुटून पडतो. दिसायला खडा तोच, पण आतून तो सगळा पृष्ठभाग झालेला असतो.

पुरातत्त्वाच्या लोकांनी आणि रसायनाच्या लोकांनी या खापरांकडे एकत्र बसून अजून बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं. डेक्कन कॉलेज येरवड्याला आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाणला. मधे फक्त पुणं आहे. छिद्रांचं माप घेणारी उपकरणं एका टोकाला आणि साडेतीन हजार वर्षांची छिद्रं दुसऱ्या टोकाला.

आतलं काहीतरी घालवून पोकळी ठेवायच्या या रीतीला रसायनशास्त्रात साचा-पद्धत म्हणतात. आधी साचा घ्यायचा, त्याभोवती पदार्थ जमू द्यायचा, मग साचा जाळून, विरघळवून किंवा धुऊन घालवायचा. साचा एकाच रेणूएवढा असेल तर पोकळी नॅनोमीटरच्याही आत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून लहान. साचा साबणासारख्या रेणूंच्या झुबक्याचा असेल तर पोकळी दोन-चार नॅनोमीटरची, आणि वाळूच्या वा प्लास्टिकच्या इवल्या गोळ्यांचा असेल तर त्याहून मोठी. इनामगावच्या भुशाचं छिद्र याच्या लाखो पट मोठं. पण क्रम तोच आहे आणि शेवटचं भाजणंही तेच.

आपल्या दगडांत हे काम निसर्गानेही केलेलं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकला, लाव्हा थिजला आणि वायू गेल्यावर पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखे झिओलाइटचे स्फटिक वाढले. झिओलाइट म्हणजे सिलिका आणि अॅल्युमिनाची अशी चौकट, जिच्यात रेणूच्या मापाच्या गल्ल्या आहेत. दगडातली पोकळी, त्या पोकळीत स्फटिक आणि त्या स्फटिकात पुन्हा पोकळी. स्वीडनच्या क्रोन्स्टेट यांनी १७५६ मध्ये अशा एका खनिजाला ज्योत लावली तेव्हा ते उकळल्यासारखं फसफसलं. गल्ल्यांतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत होतं आणि चौकट मात्र जागची हलत नव्हती. महाराष्ट्रातली ही संपत्ती उघडी पडली ती बोरघाटात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने घाटाचा मार्ग फोडला आणि १८६३ मध्ये तो सुरू झाला. त्या फोडाफोडीत निघालेले नमुने युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. पुढे पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणींत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, स्टिल्बाइटच्या पांढऱ्या बैठकीवर गडद निळ्या कॅव्हन्साइटचे गुच्छ सापडले आणि जगभरचे खनिजसंग्राहक वाघोलीचं नाव घेऊ लागले. पुण्याहून इनामगावला जाताना हे गाव वाटेतच लागतं. असे नमुने पाहायचे असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय जरूर पाहावं.

निसर्गाने केलेल्या गल्ल्या कारखान्याला पुरेनात. १९४० च्या दशकात ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड बॅरर यांनी प्रयोगशाळेत झिओलाइट घडवायला सुरुवात केली आणि १९६१ मध्ये त्यांनी व डेनी यांनी झिओलाइटच्या मिश्रणात सोडियमच्या जागी कर्बयुक्त अमोनियमचा रेणू घातला. हाच पहिला रेणू-साचा. १९७२ मध्ये अमेरिकेच्या मोबिल कंपनीने झेडएसएम-५ या झिओलाइटचं पेटंट घेतलं. त्याच्या गल्ल्या साधारण ०.५५ नॅनोमीटर रुंद होत्या आणि त्या घडवायला टेट्राप्रोपिलअमोनियम हा मोठा, चार फाट्यांचा रेणू वापरला होता. गल्ल्या जिथे एकमेकींना छेदतात त्या चौकातच तो बसतो.

इनामगावला खंदक खोदले जात होते त्याच वर्षांत हा विषय पाषाणला आला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झालं होतं. १९७८ मध्ये एल. के. दोराईस्वामी संचालक झाले. रासायनिक अभियांत्रिकीतला हा मोठा माणूस, आणि प्रयोगशाळेतलं काम कारखान्यापर्यंत गेलं पाहिजे हा त्यांचा आग्रह. १९८० च्या सुमारास डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेतून पॉल रत्नसामी इथे आले आणि उत्प्रेरकांचा गट उभा राहिला. पुढे १९९५ ते २००२ या काळात रत्नसामीच संचालक होते.

देशाची गरज अगदी रोजची होती. टेरिकॉटचे शर्ट घरोघर आले होते. पॉलिएस्टरच्या धाग्याचा कच्चा माल पॅराझायलिन. झायलिनची तीन रूपं असतात, अणू तेच पण दोन फाटे वेगवेगळ्या जागी. पॅरा रूपात ते समोरासमोर असल्याने रेणू सरळसोट असतो, ऑर्थो आणि मेटा वाकडे. ०.५५ नॅनोमीटरच्या गल्लीतून पॅरा झपाट्याने निसटतो, बाकीचे दोघे रखडतात आणि आत रखडता रखडता पॅरामध्ये बदलत जातात. तेव्हा असा उत्प्रेरक परदेशातून घ्यायचा तर किंमतही परदेशी आणि अटीही परदेशी. पाषाणच्या गटाने स्वतःची कृती बसवली. एन्सिलाइट या नावाने तो झिओलाइट तयार झाला, एसीसी या सिमेंट कंपनीने तो मोठ्या प्रमाणावर बनवला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर वडोदऱ्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीच्या कारखान्यात तो वापरात आला. चुनखडी भाजण्यात आयुष्य काढलेल्या उद्योगाने साच्याने घडवलेला झिओलाइट टनांनी बनवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे काम हाताने कसं होतं तेही सांगायला हवं, कारण शोधनिबंधात ते एका ओळीत संपतं. सिलिकाचं द्रावण, अॅल्युमिनियमचं मीठ, कॉस्टिक आणि साच्याचा रेणू ढवळत एकत्र केले की दह्यासारखा दाट गोळा होतो. तो पोलादी बंद भांड्यात भरून दीडशे-पावणेदोनशे अंशांना ओव्हनमध्ये ठेवायचा. काही तासांत काही होत नाही, दिवस लागतात. मग भांडं नळाखाली गार करून उघडायचं. तळाशी पांढरी पूड आणि वर पाणी असलं तर पहिला टप्पा पार पडला. पूड गाळायची, धुवायची, वाळवायची. अजून तिच्या सगळ्या गल्ल्या साच्याने बुजलेल्या असतात आणि ती काहीच कामाची नसते. चिनी मातीच्या बशीत पसरून ती भट्टीत ठेवायची आणि तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनी चढवायचं. घाई केली तर आतला वायू एकदम सुटतो आणि चौकट कोसळते. मधेच दार उघडलं तर पूड तपकिरी, करडी, काळपट दिसते आणि कुजक्या मासळीसारखा अमिनचा वास येतो. साडेपाचशे अंशांना काही तास राहिली की ती पुन्हा पांढरीशुभ्र होते. वजन केलं तर दहा-बारा टक्के कमी भरतं. तेवढा साचा होता, आता त्याच्या जागी गल्ल्या आहेत.

पाषाणच्या गटाने या कृतीत स्वतःची भर घातली. १९९० मध्ये रेड्डी, राजीव कुमार आणि रत्नसामी यांनी टेट्राब्यूटिलअमोनियमचा साचा वापरून टायटॅनियम बसवलेला नवा झिओलाइट जाहीर केला, टीएस-२. १९९६ मध्ये राजीव कुमार आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं की मिश्रणात चिमूटभर फॉस्फेटसारखं मीठ घातलं की स्फटिक जमण्याचा वेळ कित्येक पटींनी खाली येतो. दिवसांचं काम तासांवर आलं. पुण्यातून झालेलं हे काम ज्या तोलाचं आहे, त्या मानाने मराठीत त्याची दखल फारच थोडी घेतली गेली.

तोवर साचा मोठा झाला होता. १९९२ मध्ये मोबिलच्याच क्रेस्गे, बेक आणि सहकाऱ्यांनी एमसीएम-४१ जाहीर केला. इथे साचा एका रेणूचा नव्हता. सॅव्हलॉनमध्ये सेट्रिमाइड असतं, त्याच कुळातल्या साबणासारख्या रेणूंच्या कांड्या पाण्यात आपोआप जमतात, षटकोनी रचल्या जातात आणि सिलिका त्यांच्याभोवती गोठते. कांड्या जाळल्या की सरळ नळ्यांची जाळी उरते. मूळ पुडीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग साच्याचाच असे. उरलेल्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे चिमटीत मावेल एवढ्या पुडीत दहा गुंठे रान. १९९८ मध्ये एसबीए-१५ आला, त्याच्या नळ्या आणखी रुंद. त्याच्या आसपासच वेलेव्ह, स्टाइन आणि इतरांनी पॉलिस्टायरिनच्या गोळ्यांचे थर रचून, त्यांच्या फटींत सिलिका किंवा टायटॅनियम ऑक्साइड भरून आणि गोळ्या जाळून मोठ्या छिद्रांची जाळी उभी केली.

टायटॅनियम ऑक्साइडचं नाव इथे येतं त्याला कारण आहे. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम ऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. प्रकाशाचा कण आदळला की पदार्थातला इलेक्ट्रॉन वर उडतो आणि त्याच्या जागी धन खळगा राहतो. दोघे पृष्ठभागापर्यंत पोहोचले तर इलेक्ट्रॉन हायड्रोजन सोडवतो आणि खळगा रंग, कीटकनाशक, जंतू यांचं ऑक्सिडीकरण करतो. वाटेतच एकमेकांना भेटले तर सगळी मेहनत उष्णता होऊन वाया जाते, आणि बहुतेक वेळा तेच होतं. पोकळीचं महत्त्व इथे कळतं. भिंत जितकी पातळ, तितका पृष्ठभाग जवळ.

अडचण दुसरीच होती. टायटॅनियम ऑक्साइडला ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे अतिनील किरण. सूर्यप्रकाशात अतिनीलचा वाटा चार-पाच टक्के. चैत्र-वैशाखात शिरूरच्या माळावर जे ऊन पडतं, त्यातला दृश्य प्रकाश या पांढऱ्या पुडीवरून परत फिरतो. पूड पांढरी दिसते याचा अर्थच तो. दृश्य प्रकाश घेणारा पदार्थ रंगीत असावा लागतो. २००१ मध्ये जपानच्या असाही आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम ऑक्साइडमध्ये नायट्रोजन घातला, पूड पिवळसर झाली आणि दृश्य प्रकाशातही काम करू लागली. तिथून जगभर पिवळ्या-केशरी पुडींचा शोध सुरू झाला.

या शोधात पुण्याचा वाटा पाषाण रस्त्यावरूनच आला, पण वेगळ्या संस्थेतून. इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांचं संशोधन करणारी सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था १९९० मध्ये सुरू झाली आणि तिची एक प्रयोगशाळा पंचवटीत आहे. तिथल्या भारत काळे यांनी तेलशुद्धीकरणातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडकडे लक्ष वळवलं. हा कुजक्या अंड्याचा वास असलेला विषारी वायू कारखाने जाळून त्यातलं गंधक तेवढं परत मिळवतात, हायड्रोजन पाणी होऊन फुकट जातो. काळे यांनी विचार केला की पाण्यापेक्षा हा रेणू फोडायला सोपा आहे, मग तो उन्हानेच का फोडू नये. कोरियातल्या संशोधकांबरोबर त्यांनी कॅडमियम इंडियम सल्फाइड बनवलं आणि २००६ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. पाण्यात घडवलं तर पातळ पाकळ्यांचे गोल गुच्छ मिळाले, मिथेनॉलमध्ये घडवलं तर नॅनोनळ्या. त्या गुच्छांचा उल्लेख शोधनिबंधाच्या शीर्षकातच झेंडू म्हणून आहे. पदार्थ तोच, फक्त द्रावक बदलला आणि आकार बदलला. दृश्य प्रकाशात दोन्ही रूपांनी हायड्रोजन दिला. आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या पानावर झेंडू छापून यावा, ही गोष्ट मला नुसती गोड वाटत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात पाकळी पाहणाऱ्याला ती झेंडूची वाटते, तेव्हा पाहणाऱ्याचा गाव त्या विज्ञानात आलेला असतो.

साच्याची रीत आणि दृश्य प्रकाश यांची सरळ गाठ पडली ती २००९ मध्ये, जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेत. शिन्चेन वांग, मार्कुस अँटोनिएटी आणि सहकाऱ्यांनी कार्बन नायट्राइड ही पिवळी पूड दृश्य प्रकाशात हायड्रोजन देते हे दाखवलं. कर्ब आणि नायट्रोजन एवढ्यावर बनलेली, धातूविना उभी राहणारी. पण साध्या पुडीचा पृष्ठभाग ग्रॅममागे दहा चौरस मीटरच्या आसपास. म्हणून त्यांनी बारा नॅनोमीटरच्या सिलिकाच्या गोळ्यांभोवती सायनामाइड भाजलं आणि नंतर सिलिका रसायनाने विरघळवून काढली. पृष्ठभाग शेकड्यात गेला आणि हायड्रोजन कित्येक पटींनी वाढला. इथे आग साचा घालवू शकत नाही, कारण सिलिका जळत नाही. ती काढायला अमोनियम बायफ्लोराइडसारखं जहाल रसायन लागतं.

हीच या विद्येची दुखरी जागा आहे आणि ती झाकून चालणार नाही. झेंडूच्या पाकळीत कॅडमियम आहे, ते नदीत जाता कामा नये. सिलिकाचा साचा काढणारं फ्लोराइड हाडांपर्यंत जाळतं. अमोनियमचे साचे महाग असतात आणि प्रत्येक वेळी जाळून टाकावे लागतात. शिरूर तालुक्यात आज रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, न्हावऱ्याचा घोडगंगा साखर कारखाना आहे, उसाला आणि भाजीपाल्याला मारलेली औषधं आहेत, आणि हे सगळं पाणी शेवटी भीमेत जातं. ते पाणी उन्हात ठेवून स्वच्छ करणारी स्वस्त पूड हवी असेल तर तिचा साचाही स्वस्त असला पाहिजे. जगभर त्यासाठी भाताच्या तुसाची सिलिका, उसाची चिपाडं, लाकडाचा भुसा वापरून पाहिले जात आहेत. मावळ-भोरचं तूस आणि शिरूरची चिपाडं आपल्याकडे ढिगांनी आहेत. माझं मत स्पष्ट आहे: पुण्याच्या प्रयोगशाळांनी पुढची ताकद इथे लावावी, नव्या महागड्या पुडीचा आणखी एक शोधनिबंध लिहिण्यात नव्हे.

आणि एक काम वाचकांचं. इनामगावचा इतिहास जपला गेला कारण पंधरा वर्षं खोदणाऱ्यांनी वह्या ठेवल्या आणि अहवाल छापला. एन्सिलाइटच्या काळातले तंत्रज्ञ, ऑपरेटर, भट्टीवर रात्रपाळी केलेले लोक आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या घरात, सोसायटीत, गावात असेल तर त्यांच्याजवळ बसा, ते काम कसं चाललं ते विचारा आणि मराठीत लिहून काढा.